तारीख सांगा, पान सांगा

शिवकर बापूजी तळपदे यांच्या नावापुढे ‘जगातल्या पहिल्या विमानाचे जनक’ असं लिहिण्यासाठी विकिपीडियावर हातघाईवर येणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे. ‘केसरी’चा तो अंक कोणत्या तारखेचा?

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. १८९५ साल, गिरगाव चौपाटी, ‘मरुत्सखा’ नावाचं माणसाविना उडालेलं विमान, पंधराशे फूट उंची, बघायला न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड, म्हणजे राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी. आणि पुरावा काय, तर ‘केसरी’त बातमी आली होती म्हणतात. ‘केसरी’ तेव्हा साप्ताहिक होता. वर्षाचे अंक जेमतेम बावन्न. ग्रंथालयात बसून ते चाळायला फार दिवस लागत नाहीत. तरीही मी वाचलेल्या एकाही लेखात त्या बातमीची तारीख नाही, पान नाही, कात्रणाचा फोटो नाही. ‘म्हणतात’ मात्र प्रत्येक लेखात आहे.

ज्ञानकोशाचे नियम साधे आहेत. एखाद्या माणसाचं चरित्र तिथे यायचं तर त्याच्याविषयी इतरांनी, त्याच्याशी लागेबांधे नसलेल्यांनी, प्रकाशित आणि तपासता येईल अशा ठिकाणी थोडं सविस्तर लिहिलेलं असावं लागतं. याला उल्लेखनीयता म्हणतात. आणि चरित्रातल्या दाव्याला असा स्रोत हवा की वाचकाने उघडून पाहिला तर तिथे ते खरंच सापडावं. यात मराठी माणसाचा द्वेष कुठून आला? ‘संदर्भ हवा’ असा शेरा मारणाऱ्या सदस्याला शिव्या घालणारे लोक मला त्या शेऱ्यापेक्षा जास्त त्रास देतात. तो बिचारा फुकट काम करतो आणि आपल्याकडे फक्त एक तारीख मागतो.

खोटं पक्कं कसं होतं, ते जवळून बघण्यासारखं आहे. कोणीतरी ज्ञानकोशात एक ओळ घालतो, संदर्भाशिवाय. डेडलाइन गाठायला निघालेला पत्रकार ती उचलतो आणि पुरवणीत छापतो. वर्षभराने कोणी ‘संदर्भ हवा’ म्हणतो, तेव्हा त्याच पुरवणीचा दुवा ओळीखाली चिकटतो. झालं, ओळ ‘विश्वसनीय’ झाली! तिचा उगम तीच, पुरावाही तीच. पुढे पाचजण आणखी लिहितात आणि पाच स्रोत तयार होतात. मोजायला पाच, खोदायला गेलं तर एकही नाही. म्हणून स्रोत किती आहेत हे विचारून भागत नाही. पहिला कोण, तो तिथे हजर होता का, आणि त्याने ते कधी लिहिलं, हे विचारावं लागतं.

तळपद्यांच्या बाबतीत तसं विचारणारे लोक भेटलेही. १९७४ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभियंत्यांनी ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाची चिकित्सा केली. ग्रंथ पुरातन नाही, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांगून लिहवून घेतलेला आहे आणि त्यातली विमानं उडण्याजोगी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष. ग्रंथ सांगणाऱ्या सुब्बराय शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली तळपद्यांनी प्रतिकृती बांधल्या, पण त्या उडाल्या नाहीत, हेही त्यांना शास्त्रींच्या घरच्यांकडून कळलं. हा स्रोत आहे. याला लेखक आहेत, साल आहे, रीत आहे. तरी २०१५ साली मुंबईत विज्ञान काँग्रेस भरली तेव्हा प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेलाच, आणि त्याच महिन्यात तळपद्यांवरचा ‘हवाईजादा’ चित्रपटही लागला. त्या चित्रपटाची परीक्षणं आता तळपद्यांच्या उड्डाणाचा दाखला म्हणून पुढे केली जातात, तेव्हा माझा तोल जातो.

कारण त्याच मुंबईत, त्याच पिढीत, एक खराखुरा संशोधक होऊन गेला. शंकर आबाजी भिसे. जन्म १८६७, मृत्यू १९३५, न्यूयॉर्कमध्ये. वाण्याच्या दुकानात साखर-पीठ आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राच्या आराखड्याने त्यांनी लंडनच्या एका नियतकालिकाची स्पर्धा जिंकली. पुढे ते लंडनला गेले. छापखान्याचे खिळे झपाट्याने ओतणारं ‘भिसोटाइप’ यंत्र केलं. दादाभाई नौरोजी पाठीशी उभे राहिले, सर रतन टाटांनी पैसे घातले. धंदा बुडाला, तेव्हा अमेरिका गाठली आणि तिथे आयोडिनवर आधारलेलं ‘अॅटोमिडीन’ नावाचं औषध काढलं. अमेरिकी वर्तमानपत्रं त्यांना ‘भारताचा एडिसन’ म्हणत. त्यांच्या नावची पेटंटं आजही उघडून वाचता येतात, आकृत्यांसकट. दादाभाईंच्या कागदपत्रांत त्यांचा पत्रव्यवहार आहे आणि इतिहासकार दिनयार पटेल यांनी तो धुंडाळून लिहिलंय. शाळकरी पोरांना विचारा: तळपदे माहीत असतील, भिसे नाहीत.

बरं, नुसत्या पेटंटवर चरित्र उभं राहत नाही, हेही खरं. पेटंट म्हणजे सरकारने मान्य केलेला अर्जदाराचा स्वतःचा दावा. यंत्र कोणी वापरलं, त्याने काय बदललं, हे पेटंट सांगत नाही. ते सांगायला तिसरा माणूस लागतो. भिशांना तो मिळाला: स्पर्धेचे परीक्षक, पैसे घालणारे, इतिहासकार. म्हणूनच त्यांचं पान टिकतं.

आणि हा तिसरा माणूस मोठ्या संस्थेतलाच हवा असंही नाही. राइट बंधूंनी १९०३ च्या १७ डिसेंबरला पहिलं उड्डाण केलं, बारा सेकंदांचं, १२० फुटांचं. त्याचा फोटो आहे. पण १९०४ साली विमानाने हवेत पूर्ण गोल घेतला, तेव्हा तिथे उभं राहून बघितलं ते एमॉस रूट या मधमाश्यापालकाने, आणि जानेवारी १९०५ मध्ये छापलं ते स्वतःच्या मधमाश्यांवरच्या नियतकालिकात. वर्षभराने ‘सायंटिफिक अमेरिकन’ मात्र या उड्डाणांवर शंका घेत होतं. नामांकित मासिक चुकलं, मधमाश्यावाला बरोबर ठरला. कारण तो तिथे होता, त्याने तारखेनिशी लिहिलं आणि त्यात त्याचा काही फायदा नव्हता. चौपाटीवरच्या गर्दीत असा एक रूट दाखवा, मी पहिला मान तुकवीन.

नियमाची खोटही सांगतो, कारण ती खरी आहे. डॉना स्ट्रिकलंड या कॅनडाच्या भौतिकशास्त्रज्ञ. लेसरच्या क्षेत्रातलं त्यांचं मुख्य काम १९८५ चं. मे २०१८ मध्ये त्यांच्यावरचा मसुदा विकिपीडियावर नाकारला गेला. कारण दिलं ते पुरेशा संदर्भांच्या अभावाचं. ऑक्टोबरमध्ये त्यांना नोबेल मिळालं आणि मग पान झालं. ज्यांच्याविषयी वर्तमानपत्रं लिहीत नाहीत, त्यांच्यासाठी ज्ञानकोशाचा दरवाजा बंद राहतो. बायका, खेड्यातले कारागीर, इंग्रजीत न छापलेले संशोधक, सगळे त्या दरवाजाबाहेर. पण यावर तोडगा नियम मोडून निघत नाही. आपण लिहावं लागतं, आणि आधी लिहिलेलं जपावं लागतं. जुन्या मराठी साप्ताहिकांच्या आणि मासिकांच्या फायली ग्रंथालयांत पिवळ्या पडून चुरा होताहेत. त्या स्कॅन करून, तारखेनिशी, सर्वांना खुल्या करण्यावर एका सरकारी सोहळ्याचा खर्च केला, तरी कितीतरी विसरलेल्या माणसांना संदर्भ मिळतील.

‘केसरी’चा तो अंक सापडला, तर तळपद्यांचं पान सगळ्यात आधी मी दुरुस्त करीन. तोवर तिथे ‘असा दावा केला जातो’ हे शब्द राहू द्या, आणि ज्यांना खरंच मराठी संशोधकाचा अभिमान आहे त्यांनी भिशांच्या पानाला एकेका पेटंटचा क्रमांक जोडायला बसावं.