बॉनेटवाले काका

प्रत्येक सोसायटीत एक सेक्रेटरी असतो, एक तक्रारखोर गृहस्थ असतात आणि एक बॉनेटवाले काका असतात. पहिल्याला निवडून द्यावं लागतं, दुसऱ्याला सहन करावं लागतं. काका मात्र बॉनेट उघडल्याचा ‘खट्’ आवाज आला की आपोआप प्रकट होतात. अंगात बनियन, हातात लांबलचक स्क्रू-ड्रायव्हर. त्याचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, ‘‘तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट बोलतोय.’’

काकांच्या मते मोटार या विषयाचा अभ्यासक्रम प्रीमियर पद्मिनीपाशी संपतो. तिला ते पद्मिनी म्हणत नाहीत, ‘आमची फियाट’. गाडी चालू होत नाही? कारणं दोनच : पेट्रोल येत नाही, नाहीतर करंट येत नाही. करंट नसेल तर डिस्ट्रिब्युटरची टोपी काढा, पॉइंट पॉलिश पेपरने घासा, फटीत व्हिजिटिंग कार्ड सरकवून गॅप बघा. पेट्रोल नसेल तर कार्बोरेटरचा जेट काढून तोंडाने फुंका. पेट्रोलची चव ठाऊक नसलेल्याला लायसन्स देऊच नये, असं त्यांचं स्पष्ट मत आहे. बॅटरी उतरली तर चौघांनी ढकलायचं, दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचा. काकांच्या निम्म्या ओळखी या धक्क्यातूनच झाल्या आहेत.

याच कथेची काकूंकडे दुसरी आवृत्ती आहे. ‘‘महाबळेश्वर मला फारसं आठवत नाही. पसरणीचा घाट मात्र वळणावळणाने पाठ आहे. माझा नवा टॉवेल भिजवून यांनी पंपावर टाकला होता.’’

‘‘व्हेपर लॉक होतं ते,’’ काका म्हणतात. ‘‘पेट्रोलचीच वाफ झाली तर पंप ओढणार काय? पण झाली ना चालू?’’

परवा सी विंगमधल्या मुलाच्या गाडीत डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. काका आले, बॉनेट वर केलं आणि थबकले. समोर काळ्या प्लास्टिकचं एक भलंमोठं झाकण! स्क्रू-ड्रायव्हर टेकवायला जागाच नाही. तेवढ्यात गॅरेजचा पोरगा आला. त्याने बॉनेटकडे ढुंकूनही पाहिलं नाही. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये स्कॅनर खुपसला आणि वाचून दाखवलं, ‘‘पी०४२०. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा कोड आहे. आधी ऑक्सिजन सेन्सर चेक करू.’’

‘‘गाडीला ऑक्सिजन?’’ काका म्हणाले, ‘‘आयसीयूत आहे का ती?’’

पोराने समजावून पाहिलं. १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. त्याचं काम नीट व्हायचं तर एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा हे वजनी प्रमाण सतत सांभाळावं लागतं. कार्बोरेटरला मागच्या नळीतून काय बाहेर पडतंय ते कळत नाही. सेन्सर ते हुंगतो आणि कॉम्प्युटर त्याबरहुकूम पेट्रोल कमी-जास्त करतो. २०२० च्या बीएस-६ नियमांनी तर सगळं आणखी कडक केलं.

‘‘धूर आम्हीही बघायचो,’’ काका म्हणाले. ‘‘काळा आला की मिक्श्चरचा स्क्रू अर्धा आटा आत!’’

पण सेन्सर हे काकांचं खरं दुखणं नव्हेच. नव्या गाड्या वर्षानुवर्षं बिघडत नाहीत आणि बिघडल्या तरी काकांना विचारत नाहीत. फियाट आठवड्यातून एकदा तरी विचारायची. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली, त्या दिवशी काका घरच्या घरी सुतकात होते.

आणि मग एका सकाळी त्याच मुलाच्या डॅशबोर्डवर एकदम दिवाळी झाली. इंजिन, एबीएस, स्टिअरिंग, सगळे दिवे! स्कॅनरने कोडची ही लांबलचक यादी दिली. पोरगा डोकं खाजवत बसला. काकांनी टॉर्च आणला, प्लास्टिकचं झाकण उचकटलं आणि आत वाकून पाहिलं. इंजिनाच्या कोपऱ्यात अर्धवट कुरतडलेला पाव, शेंगांची टरफलं आणि ताज्या लेंड्या. शेजारी वायरींचा भुगा.

‘‘उंदीर,’’ काकांनी निदान केलं. ‘‘याचा कोड आहे का रे तुझ्याकडे?’’

अख्खं वायरिंग बदलावं लागलं. बिलाचा आकडा ऐकून मुलगा मटकन पायरीवर बसला. तेव्हापासून काकांना पुन्हा काम लागलं आहे. दर रविवारी सकाळी ते पार्किंगमधल्या एकेका बॉनेटखाली तंबाखूच्या पानांची पुरचुंडी बांधत फिरतात आणि प्रत्येक गाडीमालकाला तेच ऐकवतात :

‘‘आमच्या फियाटमध्ये शिरला असता ना, तर उपाशी मेला असता बिचारा. खायला वायरी होत्याच कुठे!’’