आधी सामान मोजा, मग खोली : फरशीच्या ठेकेदाराला खुले पत्र

प्रताप नगर, नागपूर

रा. रा. ठेकेदार साहेब यांस,


पत्र बंद पाकिटातून पाठवलं असतं तर तुम्ही ते न वाचताच खिशात घातलं असतं. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. तुमचं नाव मुद्दाम टाळलं आहे, कारण तुम्ही आमच्या घरी जे केलंत ते तुमच्या धंद्यात इतकं रुळलं आहे, की एकाचं नाव घेऊन बाकीच्यांना मोकळं सोडणं बरोबर नाही.

तुम्ही आलात, टेप काढलीत, हॉल, खोल्या आणि स्वयंपाकघर मोजलंत. चौरस फुटाचा भाव ठरला, ॲडव्हान्स तुमच्या हातात पडला. आणि मग चपला घालता घालता म्हणालात, "ताई, सोमवारी पोरं येतील. घर खाली करून ठेवा." तुम्ही जमीन मोजलीत आणि जमिनीवर मांडलेल्या संसाराकडे ढुंकूनही पाहिलं नाहीत. फरशी बदलण्यातलं अर्धं काम सामान हलवण्याचं असतं. ते ना तुमच्या हिशेबात होतं, ना तुमच्या कागदावर. भाव ठरेपर्यंत तुम्ही त्याबद्दल ब्र काढला नाहीत, कारण काढला असता तर त्याची मजुरी आणि त्याचे दिवस धरावे लागले असते.

आमच्या भागातली जुनी घरं तुम्हाला चांगली ठाऊक आहेत. खाली मोझॅक, वर माळा आणि मधे तीन पिढ्यांचं सामान. मे महिन्यात तर वर्षभराचा गहू नुकताच कोठीत भरलेला असतो, तिखट-हळद दळून झालेली असते, गच्चीवर कुरडया आणि सरगुंड्या वाळत असतात. माळ्यावर महालक्ष्म्यांचे मुखवटे कापडात गुंडाळून ठेवलेले असतात. हे सगळं दोन दिवसांत उचलायचं कोणी? घरातल्या बाईनं, कंबर दुखत असलेल्या म्हाताऱ्यांनी आणि परीक्षा संपवून सुट्टीवर आलेल्या पोरांनी. तुमच्या चौरस फुटाच्या भावात या माणसांची मेहनत फुकट धरलेली आहे.

तुमच्या पोरांनी आमची लोखंडी आलमारी भरलेलीच ओढली. खण काढले नाहीत, साड्यांचे गठ्ठे उतरवले नाहीत, पायांखाली गोणपाटही घातलं नाही. एक पाय फुटलेल्या फरशीच्या खड्ड्यात गेला, आलमारी तिरपी झाली आणि चौकट पिळली. आता तिचं दार लागत नाही. आलमारी आधी रिकामी करायची आणि जाड गोधडीवर सरकवायची, हे सांगायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं तुम्ही दिली नाहीत.

दिवाण आणि सोफा तुम्ही अंगणात काढायला लावलेत. नागपूरचा मे महिना तुम्ही काही पहिल्यांदा पाहत नव्हता. २०१३ च्या मे महिन्यात या शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. असल्या उन्हात प्लायवूडचं सनमायका सुटतं आणि रेक्झिन तडकतं. त्यातच अवकाळी पावसाची एक सर आली की उरलंसुरलं संपतं.

सगळ्यांत मोठा राग मात्र वेगळ्या गोष्टीचा आहे. माझे सासरे वॉकर घेऊन चालतात. तुम्ही त्यांची खोली, बाहेरचा पॅसेज आणि संडासाचा उंबरठा एकाच सकाळी फोडलात. त्या रात्री त्यांना दोन्ही बाजूंनी धरून खडीवरून न्यावं लागलं. आधी अर्धं घर आणि मग अर्धं घर, असं काम करता येतं. चालण्याची एक वाट शेवटपर्यंत शाबूत ठेवता येते. गवंडीकामात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये.

आता तुमच्याच मापाने हिशेब घालते. मोझॅक आणि खालचा मसाला मिळून तीन इंचांचा थर काढला, तर हजार चौरस फुटांतून २५० घनफूट, म्हणजे अडीच ब्रास मलबा निघतो. फोडल्यावर तो आणखी फुगतो. तेवढ्याच जागेला दोन बाय दोनच्या टाइल्सची कटिंगची तूट धरून सुमारे सत्तर खोकी लागतात, आणि त्यांचं वजन दोन टनांच्या आसपास भरतं. वर सिमेंट आणि रेती वेगळी. म्हणजे आमचं सामान बाहेर निघत असतानाच तुमचं सामान आत येणार होतं. त्याची जागा तुम्ही कुठे ठरवली होती? मलबा थेट रस्त्यावर आणि नालीच्या तोंडावर पडला. बांधकामाचा मलबा रस्त्यात किंवा नालीत टाकू नये, हे २०१६ च्या केंद्रीय नियमांतच लिहिलेलं होतं. पहिल्या पावसात ती नाली तुंबली तर पाणी शेजाऱ्यांच्या घरात शिरेल, तुमच्या नाही.

धुळीचंही तेच. टाइल कोरडी कापली की सिलिकाची बारीक भुकटी उडते. ती फुप्फुसात वर्षानुवर्षं साचली तर सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. कटरवर पाण्याची धार सोडली तर धूळ बरीच बसते. तुमच्या पोरांच्या तोंडाला साधा रुमालसुद्धा नव्हता. आमच्या गव्हाच्या कोठीची काळजी तुम्हाला वाटली नाही, हे समजू शकते. पण स्वतःच्या मजुरांचीही वाटू नये?

काम उरकताच तुम्ही म्हणालात, "लावा सामान." मसाल्यावर बसवलेली फरशी ओली असताना तिच्यावर भरलेली आलमारी उभी केली, की फरशी खचते, कोपरे वर येतात आणि खाली पोकळी राहते. फरशीवर चालायला कधी हरकत नाही आणि जड सामान किती दिवसांनी ठेवायचं, हे वेगवेगळं सांगायचं असतं. ते सांगितलं नाहीत, आणि फरशी वाजली की दोष घरमालकाचा!

तुमच्याकडून माझी मागणी साधी आहे. पुढच्या घरी जाल तेव्हा टेप काढण्याआधी घरभर फिरा. आलमाऱ्या, कोठ्या, देवघर, फ्रिज आणि इन्व्हर्टरची बॅटरी बघा. घरात म्हातारं माणूस, आजारी माणूस किंवा तान्हं बाळ आहे का, ते विचारा. कोणती खोली कोणत्या दिवशी फोडणार, सामान कोण हलवणार आणि त्याची मजुरी किती, मलबा कुठे जाणार, जुन्या फरशीवरच नवी बसवणार असाल तर दारं किती तासावी लागणार, हे कोटेशनमध्ये लिहा. भाव जास्त होईल. होऊ द्या. खरा भाव आधी कळला तर माणूस तयारी तरी करतो.

आणि प्रताप नगर, खामला, त्रिमूर्ती नगरातल्या घराघरांतल्या बायांनो, फरशीचा रंग निवडण्याआधी हा कागद मागा. खोल्यांचा क्रम, सामानाची जबाबदारी, मलब्याची जागा आणि जड सामान परत लावण्याचा दिवस, या चार गोष्टी लिहून सही केल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका. पैसे मोजून घेतलेली सेवा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते. नुकसान झालं तर तोच कागद जिल्हा ग्राहक आयोगात तुमच्या कामी येईल. आणि जो ठेकेदार असा कागद द्यायला नकार देईल, त्याला उंबरठ्यावरूनच परत पाठवा.

प्रताप नगरातील एक गृहिणी