डबलफास्ट काका

मुंबईत उभी नोकरी काढून नागपूरला परतलेला माणूस ओळखायचा असेल, तर सकाळी साडेनऊला सुभाषनगर मेट्रो स्टेशनवर जावं. सरकत्या जिन्यावरही जो धावत सुटतो, तो हा. आमच्या वस्तीत याला डबलफास्ट काका म्हणतात.

"काका, काहून धावून राहिले जी? गाडी यायचीच आहे ना अजून!" पोट्टे विचारतात. काका थांबत नाहीत. डोंबिवली स्टेशनच्या पुलावर असली चौकशी करणारा केव्हाच तुडवला गेला असता.

आपली मेट्रो तीन डब्यांची. काकांचं आयुष्य बारा डब्यांच्या लोकलमध्ये गेलं. दार उघडलं की ते खांदा पुढे काढून आत मुसंडी मारतात, आणि अडवायला समोर कुणी नसल्यामुळे थेट पलीकडच्या दारापर्यंत पोचतात. मग अर्ध्या रिकाम्या बाकावर बसलेल्या कॉलेजच्या मुलीला म्हणतात, "जरा सरकून घ्या." ती घाबरून उठतेच. काका मात्र बाकाच्या कडेला अर्ध्या मांडीवर टेकतात. लोकलमधल्या तिघांच्या बाकावरच्या चौथ्या सीटची सवय. पूर्ण बसलं की म्हणे पाठ धरते.

एलएडी चौक आला की ते उठून पुढच्या माणसाला विचारतात, "बर्डी?" बर्डी, म्हणजे सीताबर्डी, तिथून आणखी चार स्टेशनं पुढे. तो बिचारा मोबाइलमधून मान वर काढून "हो, बर्डीच," म्हणतो, आणि काका त्याच्या पाठीला छाती लावून उभे राहतात. चारही बाजूंनी मोकळी जागा असते. नागपूरचा माणूस मुळात सोशिक, म्हणून अजून मारामारी झालेली नाही.

काकांची खरी प्रतिभा मात्र उलट्या प्रवासात. डोंबिवलीचे लोक सीट मिळावी म्हणून आधी कल्याणकडे उलटे जातात. काकाही कधी कधी सुभाषनगरहून लोकमान्यनगरला उलटे जातात, तिथं बाहेर पडतात, पुन्हा आत शिरतात आणि बसून कॉटन मार्केटला येतात. गाडीत जागा आधीही असते, नंतरही असते. भाडं तेवढं दोनदा जातं. काकूंनी हिशेब मागितला तेव्हा म्हणाले, "कार्डावर दहा टक्के सूट आहे." काकू म्हणाल्या, "मग उलटे नागपूरभर फिरा, फायदाच होईल."

भाड्याबद्दल त्यांची मतं स्वतंत्र आहेत. पास एकदा काढला की महिनाभर हवं तितकं चढा-उतरा, ही लोकलची रीत त्यांना सुसंस्कृत वाटते. दरवेळी गेटवर कार्ड लावणं म्हणजे देवळात पावलोपावली दक्षिणा. लंडनच्या भुयारी रेल्वेत ऐन गर्दीच्या वेळी भाडं जास्त असतं आणि दिल्ली मेट्रोत गर्दी नसताना कार्डाला जादा सूट मिळते, हे कळल्यावर सगळ्यांना वाटलं काका चिडतील. ते म्हणाले, "बरोबर आहे. गर्दीत धक्के मिळतात, ओळखी होतात. रिकाम्या गाडीत काय मिळतं? तिथं त्यांनी आपल्याला पैसे द्यायला हवेत." गर्दीच्या वेळी भाडं वाढवा अशी मागणी करणारा हा बहुधा नागपुरातला एकमेव प्रवासी.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईची भुयारी मेट्रो आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. काका खास बघायला गेले, आणि घरात कुणीतरी गेल्यासारखं तोंड करून परतले. भुयाराबद्दल त्यांचं काहीच म्हणणं नव्हतं. "तिथंही लोक रांगेत उभे राहतात हो. मुंबईत!" आपली मेट्रो तर कुठेच भुयारात जात नाही, वर्धा रोडवर खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल आणि डोक्यावर गाडी. पण खिडकीबाहेर पाहणं काकांना जमत नाही. गर्दीत फक्त पुढच्याची कॉलर दिसते, आणि तीस वर्षं त्यांनी तेवढाच देखावा पाहिला.

६ फेब्रुवारी २०२५ ला जामठ्याच्या स्टेडियमवर भारत-इंग्लंड एकदिवसीय सामना होता. काकांना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही. तरी रात्री ते खापरी स्टेशनकडे जाऊन बसले आणि सामना सुटल्यावर परतणाऱ्या झुंडीबरोबर गाडीत घुसले. थोड्या वेळानं काकूंचा फोन वाजला.

"अगं, कस्तुरचंद पार्कला आलोय. बर्डीला उतरूच दिलं नाही लोकांनी! शर्टाचं बटणही तुटलं!"

काकूंनी विचारलं, "लॉटरी लागली का?"