चर्चाकाका, काचीगुडा

मुंबई महापालिकेत 2017 साली शिवसेनेला 84 आणि भाजपला 82 जागा मिळाल्या, हे चर्चाकाका झोपेतसुद्धा सांगतील. स्वतःच्या वॉर्डाचा नगरसेवक कोण, असं विचारलं की पंख्याकडे बघतात. त्याच्या आदल्याच वर्षी हैदराबाद महापालिकेच्या 150 पैकी 99 जागा तेलंगण राष्ट्र समितीनं जिंकल्या, तो निकाल त्यांना दूधवाल्याकडून कळला. हैदराबादेतल्या काचीगुड्यात तीन पिढ्या गेल्या, मतदारयादीत नाव इथलं, पाण्याचं बिल इथलं. पण लोणचं जसं माहेरचं, तसं राजकारण महाराष्ट्राचंच लागतं. 2 जून 2014 ला तेलंगण राज्य जन्मलं, मध्यरात्री फटाके उडाले, तर काकांनी खिडकी लावून घेतली. आत चर्चेचं पुनर्प्रक्षेपण चालू होतं.

बरकतपुऱ्यापासून शालीबंड्यापर्यंत मराठी घरांत असे काका हमखास सापडतात. शिक्षण विवेकवर्धिनीत, निवृत्ती कुठल्याशा हिशेबखात्यातून, आणि रात्री पडद्यावरच्या प्रवक्त्याशी आमनेसामने. प्रवक्ता कोणत्या पक्षाचा याला महत्त्व नाही; त्याला मध्येच अडवता आलं पाहिजे. "मुद्द्यावर या!" हे काका इतक्या जोरात सांगतात, की खालच्या मजल्यावरच्या तेलुगू शेजाऱ्यांना तेवढंच मराठी येतं. ते त्याला शिवी समजतात.

पत्रकार निखिल वागळे हे काकांचं दैवत. रोज भांडायचं, पण दुसऱ्या कुणाला भांडू द्यायचं नाही, अशा जातीचं. जुलै 2014 मध्ये वागळ्यांनी आयबीएन लोकमत सोडलं, तेव्हा काकांची भूकच गेली. 2017 मध्ये टीव्ही नाईन मराठीवर वागळ्यांचं 'सडेतोड' सुरू झालं आणि काका पुन्हा दुसरी पोळी मागू लागले. जुलैत तेही अचानक बंद.

"कशाला परेशान व्हायलात? दुसरं काही बघा की," काकू म्हणाल्या.

तेवढ्यात कुणीतरी काकांना सांगितलं, की टीव्ही नाईनचं मुख्यालय बंजारा हिल्सला आहे. 2004 साली तेलुगू वाहिनी निघाली तीही इथूनच. काकांच्या अंगात वारं शिरलं. आजवरचे सगळे अन्याय मुंबईला व्हायचे, त्यांना नुसतं पत्र लिहिता यायचं. हा पहिलाच सिटी बसच्या टप्प्यातला!

कोठीच्या इराण्याकडे मंडळी जमली. मोर्चा ठरला. निवेदन मराठीत की तेलुगूत, यावर चहाच्या तीन फेऱ्या झाल्या. मराठीत लिहिलं तर त्यांना वाचता येणार नाही, तेलुगूत लिहायचं तर यांच्यात कुणाला येत नाही. एका आगाऊ माणसानं आठवण करून दिली: 2014 च्या जूनमध्ये तेलंगणातल्या केबलवाल्यांनी हीच तेलुगू वाहिनी बंद पाडली होती, तेव्हा आपण कुठे होतो?

"तेव्हा ती तेलुगू होती," काका म्हणाले, आणि उस्मानिया बिस्किट चहात बुडवलं.

मोर्चासाठी रविवार मुक्रर झाला. इतर दिवशी बाकीच्या वाहिन्यांवर चर्चा असतात. त्या बघायच्या नाहीत अशी काकांनी शपथ घेतली आहे. पण नेमकं काय बघायचं नाही, हे कळायला आधी बघावं लागतंच. बहिष्कार हल्ली रात्री अकरापर्यंत चालतो.