डावीकडचं तळं

बेंगळुरूतलं मराठी सायकल-जोडपं ओळखायला फार हुशारी लागत नाही. अपार्टमेंटच्या लिफ्टमध्ये मागच्या चाकावर उभी केलेली सायकल, तिच्या पुढच्या चाकाखाली अंग चोरून उभे असलेले एक निवृत्त बँक मॅनेजर आणि हेल्मेट, हातमोजे, पॅडवाली चड्डी अशा जामानिम्यात ‘सॉरी अंकल’ म्हणणारा चाळिशीतला गृहस्थ दिसला, की समजावं. गृहस्थ पुण्याचा, बायको बेळगावची, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. तिची सायकल खाली पार्किंगमध्येच असते. कुलूप लावायचं आणि वर येऊन चहा टाकायचा, एवढंच तिचं सायकलशास्त्र.

पुणेकराचं सायकलप्रेम मात्र वडिलोपार्जित. पुणं सायकलींचं शहर होतं तेव्हा आजोबा सदाशिव पेठेतून खडकीच्या कारखान्यात सायकलनं जात, हे तो कुणालाही सांगतो, पंक्चरवाल्यालासुद्धा. स्वतः तो पुण्यात असेपर्यंत स्कूटरवरच फिरला. सायकल घेतली ती इथं, सर्जापूर रोडवर. डेकॅथलॉननं भारतात बस्तान बसवलं ते २००९ साली याच रस्त्यावर, हेही तो सांगतो. त्याच्या बोलण्यात इसवी सन फार असतात. कुणी ‘तुम्ही मराठी लोक बेंगळुरूत कधीपासून?’ असं सहज विचारलं तर १६३८ पासून सुरुवात होते. शहाजीराजे, जहागीर, मग व्यंकोजी, मग १६८७ सालचा, तीन लाखांना शहर विकल्याचा व्यवहार आणि चिक्कदेवराज वोडेयर. बेळगावकरीण तेवढ्यात बाय-टू कॉफी सांगून, तिचा अर्धा पेला संपवून मोकळी झालेली असते. होदिगेरेला शहाजीराजांची समाधी आहे, तिथं सायकलनं जायचं असं त्यानं केव्हाचं ठरवलेलं आहे. ठरवणं हा त्याच्या व्यायामाचा मोठा भाग आहे.

सध्याचा संकल्प तळ्यांचा. एका रविवारी एक तळं.

संकल्प म्हणून वाईट नाही. या शहराला मोठी नदी नाही. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवरच्या उंचवट्यावर ते वसलंय आणि पाणी तीन बाजूंच्या खोऱ्यांत उतरून जातं. म्हणून शहर वसवणाऱ्या केंपेगौडांनी आणि त्यांच्या आगेमागे झालेल्या सगळ्यांनीच बांध घालून तळी केली. एक भरलं की त्याचं पाणी राजकालुव्यातून, म्हणजे जोडकालव्यातून, खालच्या तळ्यात, तिथून त्याच्या खालच्यात. पुणेकरानं या सगळ्यांची एक्सेल शीट केली आहे. शहरातली बरीच तळी आता तळी राहिलेली नाहीत, ही अडचणही त्यानं मोठ्या मनानं सोडवली. धर्मांबुधी तळ्याच्या जागी मॅजेस्टिकचं बसस्टँड आहे, तर त्यानं भल्या पहाटे बसस्टँडला एक फेरी मारली आणि शीटवर ‘पूर्ण’ लिहिलं. संपंगी तळं म्हणजे कंठीरवा स्टेडियम: पूर्ण. कोरमंगलच्या तळ्यावर १९९७ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी खेळाडूंच्या इमारती उठल्या, तेही पूर्ण. चल्लघट्टाच्या तळ्यावर गोल्फचं मैदान आहे. तिथं बाहेरच्या भिंतीवर समाधान मानावं लागलं.

ज्या तळ्यांत पाणी शिल्लक आहे, तिथं वेगळीच पंचाईत. पालिकेनं नीट केलेल्या अनेक तळ्यांभोवती झकास पायवाट असते, बाकं असतात, पाणकावळे असतात आणि फाटकावर पाटी असते: सायकल आणू नये. मग जोडपं सायकली बाहेर साखळीनं बांधून, खटखट वाजणाऱ्या बुटांनी तळ्याला चालत प्रदक्षिणा घालतं. समोरून येणारे मॉर्निंग वॉकवाले आजोबा त्यांच्या चड्ड्यांकडे बघून नजर झाडावरच्या बगळ्याकडे वळवतात. बेलंदूरला पाटीची गरजही नव्हती. २०१५ साली त्या तळ्याचा फेस उडून रस्त्यावर आला आणि पेटला, पुढं २०१८ च्या जानेवारीत तिथली आग विझवायला लष्कराचे जवान उतरले. पाणी पेटतं कसं, हे पाहायला पुणेकर गेला होता. बेळगावकरीण गेली नाही.

म्हणून शहराबाहेर, हेसरघट्टा.

सप्टेंबरचा रविवार. बेंगळुरूत वर्षातला सर्वांत जास्त पाऊस याच महिन्यात पडतो, हे शीटमध्ये नव्हतं. पुण्याच्या माणसाला वाटतं, गणपती गेले की पाऊस आवरला. इथं तो तेव्हा रंगात येतो, आणि सहसा दुपारनंतर. सकाळ कशी लख्ख. पुणेकराचा हिशेब असा, की येलहंक्याहून सहाला निघायचं, आठला तळं, दहाला घरी पोहे. जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. पण पोझ दिलेले फोटो, एका दर्शिनीत उभ्यानं हाणलेला चौ चौ भात आणि तिच्या सायकलीची निसटलेली साखळी (ती तिनंच बसवली, तो यूट्यूब शोधत होता) यांत राजानुकुंटे यायलाच नऊ वाजले.

राजानुकुंट्याला डावीकडं वळायचं होतं.

इथं या दोघांच्या स्वभावातला मुख्य फरक सांगायला हवा. तो नकाशा पाहतो आणि ती माणसं विचारते. तिचं शिक्षण बेळगावात झालेलं, त्यामुळं कन्नड तिला लिहितावाचता येतं, फक्त ते धारवाडी वळणाचं. फाट्यावर पान खात उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला तिनं तळं कुठं आहे ते विचारलं, ‘‘केरे एल्लैत्री?’’ तो खुलला. ‘‘हुब्बळ्ळि कडेयवरा?’’ म्हणाला. हुबळीची नव्हे, बेळगावची, असं तिनं सांगितलं. मग त्याचा मेहुणा बेळगावला एसटीत होता हे निघालं, मग कुंदा निघाला. तेवढ्यात पुणेकर, मान खाली आणि हँडलवरच्या फोनकडं डोळे, सरळ पुढं गेला होता.

‘‘अरे, डावीकडं!’’

‘‘मॅप सरळ दाखवतोय.’’

मॅप सरळ दाखवत नव्हता. फोनच्या पडद्यावर घामाचा थेंब पडला होता आणि पडद्यानं त्या थेंबाला बोट समजून नकाशा भलतीकडं सरकवला होता. हे कळलं तेव्हा दोड्डबळ्ळापूरची पाटी आली होती. चूक कबूल करून मागं फिरणं पुणेकराच्या तत्त्वात बसत नाही. दोड्डबळ्ळापूरलाही तळं असणारच, असं त्यानं जाहीर केलं. या बाबतीत तो बरोबर होता, कारण या भागात कुठंही चुकलं तरी माणूस कुठल्या ना कुठल्या तळ्यापाशीच पोचतो. उतारावरून सायकल सोडली की ती पाण्याच्याच वाटेनं जाते.

दुपार झाली आणि ढग भरून आले. पाऊस आला तो थेट बादलीनं. रेनकोट होता, पण घरी, बाल्कनीत वाळत. दोघं एका गल्लीत घुसून पन्हळीखाली उभे राहिले. आतून खटक्‌-खट, खटक्‌-खट असा आवाज येत होता. दोड्डबळ्ळापूर हे यंत्रमागांचं गाव. रेशमी आणि नकली रेशमी साड्या इथं घरोघर विणल्या जातात. बेळगावकरणीच्या चेहऱ्यावर माहेरची कळा आली. शहापूर-वडगावात तिच्या आजोळच्या गल्लीत रात्रंदिवस हाच आवाज असायचा. तिनं आत डोकावून विचारलं, ‘‘बरली?’’ आणि उत्तराची वाट न पाहता आत गेली.

पुढचा पाऊण तास पुणेकर दारात सायकलींची राखण करत होता. आत ती आणि विणकरीण बाई मागाशेजारी उभ्या राहून, आवाजावर आवाज चढवून बोलत होत्या. सुताचा भाव, जाणारी-येणारी वीज, सुरतेहून येणारा स्वस्त माल. मागावर अर्धी विणलेली साडी होती, जांभळी, काठावर आंबे. बाईनं धागा तुटल्यावर माग थांबवला, तुटकी टोकं जिभेनं ओली करून चुटकीत पिळली आणि पुन्हा कळ दाबली. पुणेकरानं व्हिडिओ घ्यायला फोन काढला, पण ओल्या पडद्यानं कॅमेऱ्याऐवजी बँकेचं ॲप उघडलं.

वैतागून त्यानं फोन खिशात टाकला आणि २०२२ च्या सप्टेंबरची आठवण काढली. त्या वर्षी आउटर रिंग रोड पाण्याखाली गेला होता आणि आयटीवाले ट्रॅक्टरमध्ये बसून ऑफिसला जात होते. त्यात हाही होता. त्या ट्रॅक्टरवाल्याला त्यानं रस्ता सांगायचा प्रयत्न केला होता, असं बेळगावकरीण सांगते. तो नाकारत नाही.

हेसरघट्टा अखेर चारनंतर आलं, आणि आलं ते तिच्यामुळं. प्रत्येक फाट्यावर ती पाय टेकून विचारत होती. अर्कावती अडवून १८९४ साली बांधलेला हा जलाशय. इथलं पाणी सोलदेवनहळ्ळीला वाफेच्या पंपांनी चढवून बेंगळुरूला नेलं, आणि शहराच्या नळांना धार आली. पुढं ते पुरेना, म्हणून १९३३ साली तिप्पगोंडनहळ्ळीचं धरण आलं. बांधावर उभा राहून, दात वाजत असताना, पुणेकर हे सगळं सांगत होता. समोर पाणी होतं, पण गवताच्या पट्ट्याच्या पलीकडं, बरंच लांब. बेळगावकरीण भिजलेल्या पुड्यातले शेंगदाणे खात होती. तिनं एकच प्रश्न विचारला, ‘‘परत जायला टेम्पो मिळेल का रे?’’

मिळाला. दोन सायकली, दोन माणसं आणि कोथिंबिरीच्या जुड्या. तरी स्ट्राव्हावर पासष्टच्या पुढं आकडा गेलाच होता, कारण टेम्पोत बसल्यावर पुणेकर ॲप बंद करायला ‘विसरला’. राइडला त्यानं नाव दिलं: ‘हेसरघट्टा, दोड्डबळ्ळापूरमार्गे’. पुण्याच्या एका मित्रानं टेम्पोचा वेग पाहून खाली लिहिलं, ‘उतारावर जपून रे.’

पुढच्या रविवारी मंचनबेले. नकाशा त्यानं फोनमध्ये उतरवून घेतलाय आणि फोनला प्लास्टिकची पिशवी आणली आहे. तिनं वाटेतल्या गावांची नावं एका कागदावर कन्नडात लिहून काढली. शेजारी देवनागरीतही लिही, असं त्यानं सुचवलं. कागदावर जागा नाही, असं ती म्हणाली.