बीचपारखी दादा

फ्रीमाँट, सनीव्हेल, डब्लिन अशा बे एरियातल्या गावांत चार मराठी कुटुंबांची गट्टी जमली की त्यांतून एक दादा निपजतोच. वयानं तो सगळ्यांत मोठा असतो असं नाही. गणपतीच्या वर्गणीचा हिशेब, कुणाच्या आईबाबांना विमानतळावरून आणायचं, कॉस्टकोत कोण जाणार, ही खाती आपोआप त्याच्याकडे आलेली असतात. उन्हाळ्यात लेक ताहोला जायचं ठरलं की केबिन कुणीही बुक करतं, भाजीपोळीचं वहिनी बघतात. बीच मात्र दादाच ठरवणार.

डोंगरातल्या तळ्याला कसला आलाय बीच, असं भारतातून आलेले आजोबा विचारतात तेव्हा दादाची कळी खुलते. या तळ्याचं पाणी समुद्रसपाटीपासून १,८९७ मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याच्याही अडीचशे मीटर वर. खोली जास्तीत जास्त ५०१ मीटर. किनारा ७२ मैलांचा. बराचसा कॅलिफोर्नियात, उरलेला नेवाडात. एवढ्या किनाऱ्यातून एक जागा निवडायची, तर मुलीला स्थळं बघणाऱ्या बापाइतकं गंभीर व्हावंच लागतं, असं दादाचं मत. त्याच्या गूगल शीटमध्ये वाळू की गोटे, सावली, पार्किंग, टॉयलेट, वारा असे रकाने असतात. ‘फोटोत कसा दिसतो’ हा रकाना त्यानं मुद्दाम शेवटी ठेवलाय. फोटोला भुलून तो एकदाच फसला होता. पूर्व किनाऱ्यावर ‘सिक्रेट कोव्ह’ म्हणून एक सुंदर, निवांत जागा आहे. तिथं अंगावर कपडे ठेवण्याचा आग्रह कुणी धरत नाही, हे दादाला कळलं तेव्हा बरोबर दोन घरच्या आज्या होत्या. शीटमध्ये ती ओळ लाल आहे. शेरा नाही.

बाकीच्या ओळींवर मात्र दादा तासभर बोलू शकतो. सँड हार्बरला पांढरी वाळू, गोलमटोल ग्रॅनाइटचे धोंडे आणि तळ दिसेल असं पाणी. पण पार्किंग भरलं की फाटक बंद, आणि बाहेर रस्त्यावर गाडी लावून चालत आत शिरायचीही मनाई. एमराल्ड बे म्हणजे ताहोचा चेहरा. तिथं तळ्यातलं एकुलतं एक बेट आहे आणि काठावर १९२९ साली बांधलेला व्हायकिंग्सहोम नावाचा वाडा. पण पाण्यापर्यंत मैलभर उतरावं लागतं आणि तेवढंच चढून परत यायचं. एका आजींच्या गुडघ्यांनी हा प्रस्ताव ग्रुपवर येण्याआधीच फेटाळलेला असतो. ज्यांच्या घरी लॅब्रेडॉर आहे त्यांना कीवा बीच हवा, कारण उन्हाळ्यात सँड हार्बरला कुत्र्यांना प्रवेश नाही. सोळा वर्षांच्या कन्येला धोंड्यांवर बसून फोटो हवेत. आणि कुणीतरी हळूच विचारतं, ‘‘दादा, टॉयलेट किती लांब?’’ दादाच्या लेखी हा सर्वांत शहाणा प्रश्न.

पाण्याचा विषय निघाला की मात्र तो आवरत नाही. ऑगस्टातसुद्धा वरचं पाणी १८ ते २१ अंश. कोकणातल्या समुद्रात वाढलेला माणूस त्यात पाय घालतो आणि तोच पाय झटकन बाहेर काढतो. त्यातही भेद आहेत. दुपारकडे नैर्ऋत्येचा वारा सुटतो, उन्हानं तापलेलं वरचं पाणी पूर्वेकडे लोटतो, आणि पश्चिम काठाला त्याच्या जागी खालचं गार पाणी वर येतं. शिवाय पश्चिमेला डोंगर पाठीशी, म्हणून तिथलं ऊनही लवकर जातं. ‘‘सकाळी पश्चिम, दुपारी पूर्व,’’ दादा सांगतो, आणि चार बिऱ्हाडं, दोन स्ट्रोलर, एक छत्री नि प्रेशर कुकर घेऊन दुपारी काठ कसा बदलायचा, असं वहिनी विचारतात. (कुकर चेष्टेचा नाही. त्या उंचीवर पाणी सुमारे ९४ अंशांनाच उकळतं. नुसत्या पातेल्यात तूरडाळ दुपारपर्यंत दाद देत नाही.)

एवढं करूनही बीच दादाला हुलकावणी देतो, कारण तो दर वर्षी तेवढाच नसतो. ताहो सिटीपाशी एक छोटं धरण आहे. तळ्याची वरची सहाएक फूट पातळी त्याच्या हातात. हिवाळ्यात बर्फ भरपूर पडलं की उन्हाळ्यात पाणी चढतं आणि वाळू आक्रसते. दुष्काळात उलट. २०१५ च्या अवर्षणात काढलेला ऐसपैस वाळूचा फोटो पाहून २०१७ साली गेलेल्यांना सतरंजी अंथरायला जेमतेम पट्टा मिळाला. तेव्हापासून दादा जानेवारीपासूनच सिएराच्या बर्फाचे आकडे बघतो. ऑफिसात लोकांना वाटतं, याला स्कीइंगचा नाद आहे.

अखेर बहुमतानं किंग्ज बीच ठरतो: उथळ पाणी, वाळू, गावातच, आइस्क्रीम हाकेच्या अंतरावर. दादा सगळ्यांना साडेसहाला उठवतो. लाडू-चिवड्याचे डबे रात्री गाडीत विसरले तर नाहीत ना, हे तो आधी बघतो. इथली अस्वलं गाडीचं दार उघडतात. शेगडीचा हट्ट धरणाऱ्याला तो मार्क ट्वेनचा दाखला देतो. १८६१ साली ट्वेन याच तळ्याकाठी तंबू ठोकून राहिला होता आणि स्वयंपाकाच्या विस्तवानं त्यानं जंगल पेटवलं होतं. तसं त्यानंच पुढे ‘रफिंग इट’मध्ये लिहून ठेवलंय.

आठला छत्री रोवली जाते. पोरं पाण्यात, वहिनींचा चहा थर्मासातून कपात. दादा स्वतः गुडघ्याच्या वर कधी भिजत नाही. तो पँट दुमडून उभा राहतो आणि शेजारच्या अनोळखी कुटुंबाला विचारतो, ‘‘काल नेवाडा बीचला वारा होता का हो?’’

इतक्यात निवृत्त इतिहास-शिक्षक असलेले आजोबा पायानं पाणी ढवळत विचारतात, हे पाणी जातं कुठे? दादा उजळतो. त्रेसष्ट ओढे-नद्या आत येतात, बाहेर जाते एकटी ट्रकी नदी, तीही समुद्राला न मिळता नेवाडातल्या पिरॅमिड लेकमध्ये संपते. त्यामुळे इथं आलेलं पाणी सरासरी साडेसहाशे वर्षं इथंच राहतं.

‘‘म्हणजे बहामनी काळातलं,’’ आजोबा म्हणाले, आणि पाय बाहेर काढून पंचाला पुसू लागले. ‘‘मग आता बदलायला झालंच की.’’