दिरंगाईचा सांधा

महसूल खात्याच्या चाकरीत छत्तीस वर्षे काढून मी निवृत्त झालो, तेव्हा निरोपसमारंभात वरिष्ठांनी माझ्या कार्यपद्धतीचा गौरव "सावकाश, परंतु निर्दोष" अशा शब्दांत केला; त्यांतला 'परंतु' हा केवळ प्रसंगाचे औचित्य म्हणून आलेला आहे, हे सभागृहातील प्रत्येक इसमास ठाऊक होते. कोणतेही प्रकरण तीनदा वाचल्यावाचून, मागील कागद काढून पाहिल्यावाचून आणि निदान एकदा तरी 'चर्चा करावी' असा शेरा मारून परत पाठविल्यावाचून मी त्यावर सही केली नाही, आणि पक्षकारांपासून पत्नीपर्यंत सर्वांनी या सवयीला दिरंगाई हेच नाव दिले. ज्यात ती गुणांत जमा व्हावी असा एखादा उद्योग भूतलावर असेल, आणि तो मला नेरूळच्या आमच्या रो-हाउसच्या पाठीमागील दहा फुटी अंगणात सापडेल, अशी मला सुतराम कल्पना नव्हती.

निमित्त झाले लाकडाचे. न्हावा-शेवाचे बंदर १९८९ साली सुरू झाले, आणि तिथे उतरणारी परदेशी यंत्रे ज्या पाइनच्या पॅलेटवर बसून येतात, त्या पॅलेट या भागातील भंगारवाल्यांकडे रास लावून पडलेल्या असतात. अशा पॅलेटवर बहुधा 'एचटी' असा शिक्का डागलेला असतो. म्हणजे या लाकडाच्या गाभ्याला निदान ५६ अंश सेल्सिअसची धग सलग ३० मिनिटे देऊन किडीचा बंदोबस्त केलेला आहे. ज्याच्यावर रीतसर शिक्का आहे असे लाकूड पाहून माझ्यासारख्या माणसाचे मन न द्रवते तरच नवल. त्याच सुमारास सौभाग्यवतींनी पूजेच्या साहित्यासाठी एक पेटी हवी असल्याचे सूचित केले, आणि पेटी करावयाची तर तिच्या कोपऱ्यांत एकही खिळा दिसता कामा नये, असा मी संकल्प सोडला.

हार्बर लोकलने मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटवरून मी लाकूड कोरणारा एक राउटर आणि त्याची तीन पाती, म्हणजे बिट, खरेदी केले. पैकी डव्हटेल, म्हणजे पारव्याच्या शेपटीच्या आकाराची खाच पाडणारे बिट, मला पाहताक्षणीच ओळखीचे वाटले: कमरेत बारीक आणि तळाशी पसरलेले. गायरानातले अतिक्रमण नेमके याच आकाराचे असते; आत शिरताना अरुंद, आणि एकदा शिरल्यावर वर उचलून बाहेर काढणे अशक्य. म्हणूनच हे बिट एकदा लाकडात शिरले की राउटर मध्येच वर उचलावयाचा नसतो. उचलला तर खाच तरी फाटते, नाहीतर बिटाची ती नाजूक कंबर तरी मोडते. खोलीही त्याला हप्त्याहप्त्याने देता येत नाही, एकदाच पूर्ण द्यावी लागते. म्हणून आधी साध्या सरळ बिटाने मधला माल काढून वाट मोकळी करून ठेवावी.

हे ज्ञान मला आमच्या मिस्त्रींनी दिले. मूळचे चिपळूणकडचे, मितभाषी. उजव्या हाताची तर्जनी पहिल्या पेरापाशीच संपलेली. ती कशी संपली, हे त्यांनी कधी सांगितले नाही. मात्र बिट बदलावयाचे झाले की प्रथम प्लग उपटून तो स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात घालीत आणि मगच पाना हाती घेत, त्यावरून मी काय ते समजलो. मी पहिल्यांदा बिट बसविले ते अर्थातच पार तळाला टेकवून, कारण पक्के काम म्हणजे तळापर्यंतचे काम, अशी माझी समजूत.

"साहेब, तळाला टेकलेलं पातं कॉलेटची पकड धरणार कशी? आवळताना ते जरा खाली ओढलं जातं, त्याला जागा नको? एक सूत वर घ्या, मग आवळा," ते म्हणाले.

हाताला घट्ट लागले तरी असे बिट यंत्राच्या थरथरीने हळूहळू वर सरकते, ही नंतरची पुरवणी.

खरी परीक्षा होती ती लॉक मायटर या तिसऱ्या बिटाची. हे फळीची कड पंचेचाळीस अंशांत उतरविते आणि त्याच वेळी तिच्यात परस्परांत अडकणारे दातेही पाडते. पावणेतीन इंच व्यासाचे हे धूड मिनिटाला चोवीस हजार फेऱ्यांनी फिरविले, तर त्याची धार ताशी सुमारे ३१५ किलोमीटर वेगाने धावेल (हा हिशेब मी तीनदा पडताळून पाहिला), आणि म्हणून वेगाची चकती दहा हजारांवर आणावी लागते. तरीही १३० उरतातच. ते हातात धरून चालवावयाचे नाही, टेबलाखाली उलटे टांगूनच चालवावयाचे. आणि बिटाच्या आकृतीचा मध्य व फळीच्या जाडीचा मध्य एका रेषेत आल्यावाचून मूळ लाकूड त्याच्यासमोर रुजू करावयाचे नाही. या तजविजीसाठी त्याच जाडीचे नमुन्याचे तुकडे कापून, एक आडवा व दुसरा टेबलावरच्या कुंपणाला, म्हणजे फळीला आधार देणाऱ्या पट्टीला, उभा टेकवून चालवून, ते जुळवून पाहावयाचे, केसभर फरक राहिला की उंची बदलावयाची, उंची बदलली की कुंपण सरकवावयाचे, आणि पुनश्च नवे तुकडे. मला तीन दिवस लागले. चष्म्यावर गॉगल, कानांत बोळे, सदऱ्याच्या बाह्या लोंबू नयेत म्हणून अंगात केवळ बंडी, अशा वेषात मी एकूण एकोणीस नमुने तपासले, प्रत्येकावर क्रमांक व दिनांक घातला, आणि सतरा फेटाळले. मिस्त्री तुकड्यांच्या त्या फायलीकडे पाहून चक्क "बरोबर" म्हणाले. छत्तीस वर्षांत हा शब्द मला कोणी ऐकविला नव्हता.

"चार खिळे मारले असते तर एव्हाना गणपती येऊन गेले असते," सौभाग्यवती म्हणाल्या.

चौथ्या दिवशी आमचे मेहुणे आले. हे खासगी कंपनीत व्यवस्थापक असून 'निर्णयक्षमता' या गुणाबद्दल त्यांना दोनदा मानचिन्ह मिळालेले आहे. टेबलावर फळी उजवीकडून डावीकडे, म्हणजे बिटाच्या फिरण्याच्या विरोधात, ढकलावयाची असते, हे मी त्यांना सकारण समजावून सांगत होतो. परंतु माझे कारण दुसऱ्या कलमापर्यंत पोहोचते न पोहोचते तोच त्यांनी नमुन्याची एक पट्टी उचलून डावीकडून आत सारली. बिटाने ती त्यांच्या हातातून अक्षरशः हिसकावून घेतली. पट्टी कुंपणाच्या कडेने सुटली ती भिंतीवरून पलीकडे गेली, आणि शेजाऱ्यांच्या अंगणातून पिंप वाजल्याचा एक गंभीर नाद आला. मेहुण्यांचे हात शाबूत होते, कारण पट्टी ढकलण्याचा ठोकळा मी त्यांना आधीच वापरावयास लावला होता, हे मी नंतरच्या चहात चार वेळा निदर्शनास आणले. चहानंतर मी एकट्याने खऱ्या फळीची शेवटची फेरी घेतली. तिला नऊ सेकंद लागले. कोपरा जुळला तेव्हा त्यात नखही शिरेना.

शेजाऱ्यांनी मात्र सोसायटीकडे लेखी तक्रार गुदरली. पिंपाचा उल्लेख त्यांनी सभ्यपणे टाळला होता. भर आवाजावर होता, आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबेल असल्याचा नियम त्यांनी उद्धृत केला होता, तो बिनचूक होता. विषयात त्यांनी लिहिले होते: 'शेजारील घरातील राउटरचा असह्य त्रास.' आमचे सचिव तरुण व तत्पर आहेत. त्यांनी अर्ज उघडला, विषय वाचला, मजकूर वाचण्यात काळाचा अपव्यय केला नाही, आणि त्याच मिनिटाला तो 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' केबलवाल्याकडे धाडला.

दुसऱ्याच दिवशी पाठीला पिशवी अडकवलेला एक मुलगा दारात उभा राहिला.

"काका, राउटरची कंप्लेंट होती ना?"

मी त्यास मागील अंगणात नेले. टेबलाखाली उलट्या लटकलेल्या त्या यंत्राकडे त्याने बराच वेळ पाहिले, मग माझ्या बंडीकडे पाहिले, आणि चालू करून दाखवा म्हणाला. मी प्लग लावला, गॉगल चढविला, बटण दाबले. त्याने कानांवर हात ठेवले, मान डोलावली, वहीत 'राउटर व्यवस्थित चालू आहे' असा शेरा लिहिला आणि वही माझ्यापुढे सहीस धरली.

मी तो शेरा तीनदा वाचला आणि सही केली.